गारा ढकलणारी तोफ

आमच्या वाइनबद्दल मी जे काही सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, हे आधीच कबूल करतो. कोणतं निम्मं ते मात्र विचारू नका. वय झालं, आता मलाही नीट आठवत नाही. आमच्या मांजराने एकदा पिंपाच्या तळाचा गाळ चाटला आणि पुढचे तीन दिवस ते उंदरांना अहो-जाहो करत होतं, हे मी पन्नास वर्षं सांगतोय. माझ्या बायकोच्या पांढऱ्या चादरीवर या वाइनचा थेंब सांडला, डाग निघेना, म्हणून तिने अख्खी चादरच वाइनमध्ये बुडवली. चादर लाल झाली आणि डाग तेवढा पांढरा उमटला. हेही सांगतो. लोक हसतात, पेला पुढे करतात.

पण आजच्या गोष्टीत माझ्या दोनच थापा आहेत. पहिलीने एका माणसाचं वाटोळं केलं. दुसरीचं काय झालं ते शेवटी बघू.

आमचा भाग म्हणजे एक लांबट डोंगर आणि त्याच्या दोन कुशींना दोन गावं. आमचं अलीकडचं, ते पलीकडचं. अलीकडे तांबडी चिकण माती. ती चालणाऱ्याचा बूट मागून घेते आणि परत द्यायला कुरकुरते. या मातीत द्राक्षाचा मणी येतो बारीक आणि जाड सालीचा, आणि त्याची वाइन होते शाईसारखी. पहिल्या घोटालाच जीभ टाळ्याला चिकटते. नुसती प्यायली तर सासऱ्यासमोर बसल्यासारखं वाटतं. माणूस चांगला आहे हे पटतं, पण फार वेळ बसवत नाही. पलीकडे सगळे गोटे आणि चुनखडी. तिथली वाइन फिकी, पेल्याआडचं बोट दिसेल इतकी. वास मात्र असा की बोलणं थांबावं. ओल्या दगडाचा, सुकलेल्या गुलाबाचा, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा. आणि जिभेवर ठेवली की काहीच नाही. पाहुणा दारातूनच परत गेल्यासारखा.

दोन्ही निम्मी-निम्मी मिसळली की मग ती आमची वाइन. दहा वर्षं बाटलीत आडवी पडून राहिली की अलीकडची आपला ताठा सोडते, पलीकडची पाय रोवते, आणि लांबलांबचे लोक ती प्यायला येतात. नियम आमच्या आजोबांच्याही आधीचा आहे. बाटलीवर भागाचं नाव लावायचं तर आतली वाइन दोन्ही गावांची हवी, निम्मी-निम्मी, आणि एकाच वर्षाच्या तोडणीची. एकट्या गावाची वाइन कितीही चांगली असो, तिला नाव नाही. बिननावाची वाइन टँकरमध्ये भरून व्हिनेगरच्या कारखान्यात जाते.

डोंगराला मधोमध एक खिंड आहे, आणि खिंडीत तळघर. त्याला दोन दारं, प्रत्येक गावाकडे एक. आपापल्या दाराने आपापली द्राक्षं आत येतात, आपापल्या बाजूच्या पिंपांत वाइन वसंतापर्यंत बसते, आणि मधल्या मोठ्या टाकीत दोघींची गाठ पडते. तिथे मी आयुष्य काढलं. माझं काम पिंपं काठोकाठ भरलेली ठेवायचं. लाकूड पितं. दर आठवड्याला पिंपात दोन बोटं वाइन कमी होते, तेवढी वरून घालावी लागते, नाहीतर आत हवा शिरते आणि वाइन आंबट होते. लाकडाने किती प्यायली आणि मी किती, हा हिशेब तळघरवाल्या बाईंनी कधी विचारला नाही. बाई म्हणजे तळघराच्या कारभारीण. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की ते फळ्यावर लिहिल्यासारखं राहायचं.

आता तोफ. तोडणीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत आमच्याकडे गारा पडतात. घड पिकलेले, साल ताणलेली; एक गार बसली की मणी फुटतो, दुसऱ्या दिवशी बुरशी, तिसऱ्या दिवशी गांधीलमाश्या. म्हणून डोंगराच्या माथ्यावर दोन्ही गावांत मिळून एक तोफ. तिला गोळा नाही. खाली लोखंडी उखळ, त्यात बंदुकीची दारू ठासायची, आणि वर पत्र्याचा तीन पुरुष उंच कर्णा, तोंड आभाळाकडे. दोरी ओढली की धडाका होतो, धुराचं एक कडं शीळ घालत वर जातं आणि ढगात शिरतं. मग गारा आतल्या आत फुटतात, पाणी होऊन खाली येतात. असं आम्ही मानत होतो. एका बारानंतर चौदा आकडे मोजायचे, उखळ निवू द्यायचं, मग पुढचा बार. चौदाच्या आत ठासलं तर दारू हातात पेट घेते.

तोफवाला माझा शेजारी, आमच्या घरांची भिंत एक. त्याचा बाप तोफवालाच होता. चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा. तोफेने त्याचे कान निम्मे खाल्ले होते, त्यामुळे तो बोलायचा ओरडून. त्याने मीठ मागितलं तरी चौकापर्यंत कळायचं. आई लहानपणीच गेली, त्याला वाढवलं त्याच्या थोरल्या बहिणीने. ती पलीकडच्या गावात दिलेली. दोन्ही गावं तिला ताईच म्हणत.

आणि आता माझी पहिली थाप.

एकदा दुपारी तळघरात पाहुणे आले होते. चांगले कपडे, पातळ पेले, आणि चेहरे असे की वाइन यांना तपासतेय. मांजराची गोष्ट पडली. चादरीची पडली. मग एकाने विचारलं, ही तोफ खरंच गारा फोडते का? मी आवाज खाली आणला. म्हटलं, "फोडत कसली? ढकलते. आमचा तोफवाला एकेक बार असा नेमका मारतो की ढग खांद्याला धरून डोंगरापलीकडे नेऊन सोडतो. साठ वर्षं बघतोय मी. गारा पडतात त्या पलीकडे."

पाहुणे हसले. चार पेट्या घेऊन गेले. पण पलीकडच्या दारात पिंपं उतरवणारा एक गाडीवान उभा होता, तो हसला नाही. संध्याकाळपर्यंत माझी थाप डोंगर ओलांडून गेली, आणि मी मारली तेव्हा अंगठ्याएवढी होती ती तिथे पोचेपर्यंत बैलाएवढी झाली.

गंमत बघा. गारा कुणाच्याही मळ्यात पडोत, निम्मी वाइन गेली की नाव दोघांचंही जातं. पण भ्यालेल्या माणसाला आपली भिंत तेवढी दिसते.

त्या वर्षी खरंच पलीकडे गारा पडल्या. पुढच्या वर्षीही. योगायोगासारखा थापाड्याचा दुसरा मित्र नाही. दोन वर्षं बाटल्यांवर नाव लागलं नाही, आणि पलीकडची माणसं आमच्याशी खिंडीत बोलेनाशी झाली.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, ताई भावाकडे आली. मी तिथेच होतो. त्याच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत होतो. टेबलावर मेणकापड, त्यावर त्याचे चामडी हातमोजे उलटे करून वाळत घातलेले. मी उठायला लागलो तर ताई म्हणाली, "बसा काका. तुमच्यासमोर बोलते, म्हणजे कुणी साक्षीदार राहील."

"काका साक्षीदार?" तोफवाला गरजला. "त्यापेक्षा त्यांचं मांजर आण."

ताई हसली नाही. खुर्ची त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला ओढून बसली. "गेल्या वर्षी किती बार काढलेस?"

"अडतीस."

"आणि गारा कुठे पडल्या?"

तो मेणकापडाचा कोपरा सोलायला लागला.

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"एकेचाळीस. ताई, तोफ गारा फोडते. ढकलत नाही."

"मग त्या माझ्याच मळ्यात कशा येतात? पत्ता विचारत येतात का?"

मी वायसरमध्ये डोकं घातलं. वायसरमध्ये डोकं मावत नाही हे मला ठाऊक आहे.

"तुझ्या दाजींचा उजवा हात आता नुसता बाहीत असतो," ती म्हणाली. "चमचासुद्धा धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, ही थंडी निघायची नाही. त्यांची खाट मी खिडकीशी लावलीय. बत्तीस ओळी दिसतात तिथून, त्यांच्या वडिलांनी लावलेल्या. रोज सकाळी मोजतात, जसं काही कुणी एखादी ओळ उचलून नेणार आहे. त्यांना एक तोडणी बघायचीय. भरलेल्या पाट्या दारावरून जाताना बघायच्यात. बस."

"मग मी काय करू?"

"ढग आला तर उडवू नकोस. हे एक वर्ष."

"आणि आमच्या गावावर पडल्या तर?"

"तुमच्या गावाने दोन वर्षं आपली तोडणी केली की."

"व्हिनेगरसाठी केली."

"केली ना?"

ती उठली, त्याच्या शर्टाच्या कॉलरचा निघालेला धागा दातांनी तोडला आणि म्हणाली, "आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास आणि मी बारा. त्यानंतर तुझ्याकडे कधी काही मागितलं का मी?"

"नाही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं भिंतीपलीकडे गेलं नसेल.

ती गेल्यावर मी पाना खाली ठेवला. म्हटलं, "ऐक. ते ढकलण्याचं मी बनवून सांगितलं होतं. पाहुण्यांना. तोंडाला आलं ते बोललो."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला. "काका, मी रडू नये म्हणून सांगताय ना?"

"नाही रे. खरंच."

"लहानपणी तुम्ही मला सांगितलं होतं की तुमचा एक पाय पिंपाच्या लाकडाचा आहे आणि रात्री तो वाइन पितो. मी आठ वर्षांचा होईपर्यंत तुमच्या पायाला हात लावायला भीत होतो. आता तुमचं कोणतं खरं धरू?" मग हसणं आवरून म्हणाला, "दोन वर्षं मी उडवली आणि दोन वर्षं तिच्यावर पडल्या. तुम्ही बनवून सांगितलं असेल, पण निघालं खरं."

पालथ्या घड्यावर पाणी. ताईने काय मागितलंय हे गावात कुणाला सांगावं का, हा विचार मी केला. पण वाटलं, ढग दिसला की हात आपोआप दोरीकडे जाईल. बापापासूनची सवय आहे. तोंड उघडायची खरी वेळ आयुष्यात एकदाच आली, आणि नेमकं तेव्हाच मला ते बंद ठेवायला जमलं.

तोडणीला दहा दिवस असताना, भर दुपारी ढग आला. खालून हिरवट, वर फुलकोबीसारखा. रस्त्यात माणसं येऊन उभी राहिली, कुणाच्या हातात कात्री, कुणाच्या हातात अर्धा पाव. सगळे माथ्याकडे बघत होते. पहिला बार व्हायला हवा होता, झाला नाही. वारा पडला. कुत्री खाटांखाली गेली. पाववाल्याने दुकानाची फळी अर्धी ओढली आणि म्हणाला, "झोपला काय हा?"

मी डोंगर चढलो. त्या वयात मी तो किती वेळात चढलो हे सांगितलं तर तुम्ही ती थापच समजाल. वर तोफवाला दारूच्या पेटीवर बसला होता. हातमोजे घातलेले, हात गुडघ्यांवर. दोरी आकड्याला नीट गुंडाळलेली.

"उडव," मी म्हणालो.

"नाही."

"अरे, मी थाप मारली होती. माझ्या बायकोची शपथ, ती गेली तिची शपथ. तोफ काही ढकलत-बिकलत नाही."

त्याने मान वर केली. चेहरा शांत होता, शाळेतलं गणित सुटलेल्या मुलासारखा. "ढकलत नाही?"

"नाही."

"मग फोडते तरी का?"

मी तोंड उघडलं. आणि काय सांगू, साठ वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. म्हणालो, "ते मला काय ठाऊक?"

"म्हणजे ढकलत असेल तर ताईवर पडतील. ढकलत नसेल तर उडवली काय आणि न उडवली काय, कदाचित सारखंच. मग नाही उडवत, काका. मी तिला शब्द दिलाय."

"दिला नाहीस. तू नुसतं 'नाही' म्हणालास."

"तेच," तो म्हणाला.

पेटीवर तो बसलेला, पेटीची किल्ली त्याच्या गळ्यात. माझ्याच्याने तो हलला नसता. पहिली गार कर्ण्याच्या पत्र्यावर वाजली, मग दुसरी. मग त्या पत्र्याने असा आवाज धरला की आम्ही दोघे तोफेच्या पोटाखाली घुसलो. तिथून खालचं आमचं सगळं गाव दिसत होतं, आणि मान वळवली की पलीकडचंही. आमच्या बाजूला पांढरं. पलीकडे ऊन. खिंडीपाशी रेघ मारल्यासारखं. सात मिनिटं चाललं. तोफवाला ओठ हलवत होता. मला वाटलं पुटपुटतोय. तो चौदा मोजत होता, पुन्हा एकपासून, पुन्हा चौदापर्यंत.

खाली आलो तेव्हा ओळींमधून चालवत नव्हतं. पानांच्या चिंध्या, फुटलेले मणी, आणि सगळीकडे आंबवणाच्या पहिल्या दिवशी येतो तसा गोड वास. फक्त तो मळ्यात येत होता, जिथे येता कामा नये. एक बाई तिच्या ओळीत खाली बसून घड उचलत होती आणि परत वेलीला लावून बघत होती.

तोफवाल्याला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मारणारा माणूस उद्या बोलतो तरी. बाई त्याच्या घरी आल्या, दारातच उभ्या राहून हात पुढे केला. त्याने गळ्यातली किल्ली काढून दिली.

"का?" बाईंनी विचारलं.

"बहिणीसाठी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात, म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं.

बाई गेल्या. तळघरात आमच्या बाजूला प्रत्येक घराच्या पिंपावर खडूने खूण असते. त्याची खूण दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलेली होती. पाववाला त्याला पाव द्यायचा, पण हातात नाही. फळीवर ठेवायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचा. तोफवाल्याने आधी रोज पाव आणला, मग दिवसाआड, मग मीच दोघांचा आणायला लागलो.

पलीकडे तोडणी झाली. तशी तोडणी मी पाहिली नव्हती, आणि हे अगदी खरं सांगतो. घड गच्च, एकही मणी फुटलेला नाही. पलीकडच्या दाराने पाट्यांमागून पाट्या येत राहिल्या. दाजींनी खिडकीतून सगळं बघितलं. ताईने पाट्या मुद्दाम लांबच्या वाटेने, खिडकीवरून न्यायला लावल्या. माणसं कुरकुरली, पण नेल्या. दाजी डाव्या हाताची बोटं उघडून मिटून पाट्या मोजत होते, असं म्हणतात. तीन महिन्यांनी, थंडीत, ते गेले. आपल्या घरची वाइन यंदा सगळ्यात मोठ्या नावाने निघणार, याच समजुतीत गेले. कुणी त्यांना सांगितलं नाही की आमच्या बाजूची पिंपं रिकामी होती, आतून गंधकाची वात जाळून, बूच मारून ठेवलेली.

वसंतात मधल्या टाकीत मिसळायला काही नव्हतं. पलीकडची वाइन पिंपात उभी राहून नुसती दरवळत होती. मी दर आठवड्याला ती दोन बोटं वर भरत होतो, बाई बघत होत्या. एक दिवस टँकर आला. पाइप लावला तेव्हा सगळ्या खिंडीला सुकलेल्या गुलाबाचा वास आला. बाई पलीकडच्या दारात पाठ करून उभ्या राहिल्या, टँकर निघेपर्यंत.

त्याच वर्षी हवामान मोजणारी एक तरुणी आली. डोंगरावर डबे लावले, फुगे सोडले, दोन्ही गावांच्या जुन्या नोंदी काढल्या, आणि पानगळीत तळघरात सभा घेतली. इतकं सरळ बोलणारं माणूस मी बघितलं नव्हतं. मला तर भीतीच वाटली. ती म्हणाली, जिथे तोफ आहे तिथे आणि जिथे नाही तिथे, गारा सारख्याच पडतात. आवाजाने गार फुटत नाही, ढग सरकत नाही. तोफ काहीच करत नाही. कधीच करत नव्हती.

मग पिंपं बनवणारा म्हणाला, "बरं. पण आभाळ काळं झालं की माणसाने करायचं काय? नुसतं बघत बसायचं?"

तरुणीने कागद गोळा केले. बाईंनी हात वर करायला सांगितले. दोन्ही गावांतून एकही हात विरोधात आला नाही. तोफ ठेवायची, तोफवाला नवा नेमायचा.

माझी मात्र छाती हलकी झाली. वाटलं, आता पाववाला पाव हातात देईल. मी तसाच तोफवाल्याकडे गेलो, सगळं सांगितलं. "तू निर्दोष आहेस. उडवली असतीस तरी गारा पडल्याच असत्या. शिकलेल्या बाईने सांगितलंय, मी नाही."

तो मेणकापडावरचा पाव चिमटत होता. मग म्हणाला, "म्हणजे न उडवल्याने ताईचं वाचलं नाही."

"कुणीच काही केलं नाही. ढगाने केलं."

"म्हणजे ताईसाठी मी काहीच केलं नाही," तो म्हणाला. "ती म्हणाली, आयुष्यात एकदा मागतेय. मी गाव दिलं. आणि ते गेलं कुठे? कुठेच नाही?"

मी मेणकापडावरचा पावाचा चुरा हाताने गोळा केला. त्या दिवसापासून तो अंथरुणाला लागला. डॉक्टर म्हणे छाती. तीस वर्षांची तोफेची दारू आणि तिचा धूर. असेल.

ताई आली ती पुढच्या उन्हाळ्यात. वेली उपटून टाकल्या होत्या, घराला कुलूप लावलं होतं, आणि लेकीकडे शहरात राहायला निघाली होती. पिशवीत एक बाटली होती, कागदात गुंडाळलेली, तिच्यावर चिठ्ठी नाही. टँकर यायच्या आधी पिंपातून तिने एक बाटली भरून घेतली होती. मीच भरून दिली होती.

तोफवाला उशीला टेकून बसला. मी तीन पेले आणले. ओतली. वास खोलीभर झाला. औषधाच्या बाटल्यांचा, ओल्या भिंतीचा वास मागे हटला. घोट घेतला आणि तोंडात काही राहिलं नाही.

"दाजींना आवडली असती," तोफवाला म्हणाला. त्याच्या आवाजात आता ओरडणं उरलं नव्हतं.

"त्यांना नुसता वास दिला होता," ताई म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी. पेला नाकाशी धरला. म्हणाले, तुझ्या भावाला सांग." ती थांबली, आणि पेला मेणकापडावर ठेवून माझ्याकडे वळली. "काका, ती फुगेवाली मुलगी म्हणे सांगून गेली, तोफेने काही होत नाही. खरं का?"

तोफवाला माझ्याकडे बघत होता. पेला त्याने छातीशी धरला होता, त्यातली वाइन काठाकाठाने फिरत होती.

मी खुर्ची पुढे ओढली. "ती पोर काल आली," मी म्हणालो. "मी साठ वर्षं बघतोय. ताई, तुला आठवतं, तुझा बाप तोफेवर होता तेव्हा? एकदा असाच हिरवा ढग आला. तुझ्या बापाने पहिला बार काढला, ढग दचकला. दुसऱ्याला थोडा सरकला. तिसऱ्याला त्याने ढगाला अस्सं खांद्याला धरलं आणि डोंगरापलीकडे नेऊन ठेवलं, जसं पिंप गडगडत नेतात. एक गार माथ्यावरच राहिली होती, तुझ्या बापाने ती खिशात घालून आणली, आणि आम्ही ती तळघरात चार दिवस दाराला टेकण म्हणून वापरली. त्या वर्षी तुझ्या भावाने दोरीला हात लावला असता ना, तर तुझ्या बत्तीस ओळींत बत्तीस पानं राहिली नसती. मी वर होतो. मी बघितलंय. गारा खिंडीपर्यंत आल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या, कुणी ढकलतंय का म्हणून. याने ढकललं नाही. मग नाइलाजाने आमच्यावर पडल्या."

तोफवाल्याने डोळे मिटले होते. पेल्यातली वाइन फिरायची थांबली होती, किंवा संपली होती.

"छान सांगता काका," ताई म्हणाली. तिने तिन्ही पेले उचलले, मोरीत नेऊन धुतले, फडक्याने पुसून पालथे घातले. मला तिचा चेहरा दिसला नाही. परत येऊन तिने भावाच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, जे त्याने श्वासासाठी उघडं ठेवलं होतं, मग तिच्या लक्षात आलं आणि तिने ते परत काढलं. पिशवी उचलली. बस पाचची होती.

ती वळणावर पोचली असेल नसेल, तेवढ्यात माथ्यावरून धडाका झाला. आभाळ स्वच्छ होतं. नवा तोफवाला हात बसवत होता. आमचा तोफवाला डोळे मिटूनच होता, पण चादरीवर त्याचं एक बोट हलत होतं. दुसरा बार झाला तेव्हा ते थांबलं.

"अकरा," तो म्हणाला. "घाई करतोय. त्याला सांगा, काका. तुमचं ऐकेल का तो?"